बारा बाक आणि एक वाटी

कॅम्पसवरच्या शिकल्यासवरल्या माणसांत आजवरचं सगळ्यात मोठं भांडण झालं, ते गाडी कुठे लावायची यावरून. तत्त्वांवरून झालेली भांडणं तिथे चहा संपेपर्यंत टिकायची. हे चांगलं सात महिने टिकलं.

झालं होतं असं, की कॅम्पसच्या ऐन मधोमध पार्किंगची एक इमारत होती. सगळा कारभार खांबांचा आणि काँक्रीटचा, आत कायम पेट्रोलचा वास आणि दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. ग्रंथालयातून प्रयोगशाळेत जायचं तर मुलं या इमारतीला लांबलचक वळसा घालत, नाहीतर गाड्यांच्या मधून अंग चोरत जात. शेवटी वरिष्ठांनी ठरवलं, की गाड्या गेटाबाहेरच्या मैदानात लावायच्या, आत सगळ्यांनी पायी चालायचं, आणि ही इमारत न पाडता माणसांना बसण्या-फिरण्यासाठी खुली करायची. सुरुवात पहिल्या मजल्यापासून.

एवढं ऐकलं मात्र, आणि प्राध्यापकांवर आभाळ कोसळलं. गणिताचे एक सर होते, त्यांची गाडी दहा वर्षं एक्केचाळीस नंबरच्या जागेत लागायची. त्यांनी निषेधाचं अकरा पानी पत्र लिहिलं आणि ते द्यायला शेजारच्या इमारतीत गाडी काढून गेले. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, एक्केचाळीस सर.

हा सगळा गोंधळ चालू असताना इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक बाई शांतपणे रंधा मारत होती. ही गोष्ट तिची.

तिला सगळं कॅम्पस सूनबाई म्हणायचं. तिचं स्वतःचं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. कारण सुतारशेड म्हणजे मिस्त्री, आणि ही मिस्त्रींची सून. मिस्त्रींनी चाळीस वर्षं त्या कॅम्पसची दारं, खिडक्या, फळे, बाकडी, सगळं घडवलं होतं. कुठल्याही इमारतीत बिजागरी कुरकुरली तर ती मिस्त्रींना घरबसल्या ऐकू जाते, अशी त्यांची ख्याती. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला रंधा आणि पटाशी यातला फरकही ठाऊक नव्हता. एक दिवस करवतीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून बाह्या सरसावून उभी राहिली, ती राहिलीच. पहिल्या वर्षी तिने बोटं कापून घेतली, दुसऱ्या वर्षी लाकूड कापायला लागली, आणि तिसऱ्या वर्षापासून मिस्त्रींचं बोलणं मधेच कापायला लागली. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि एकमेकांशी पटत तर मुळीच नव्हतं.

शेडचा एक नियम होता. वस्तू तयार होऊन जागेवर बसली, की तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची. थेंब सांडला नाही तर वस्तूच्या पोटाशी, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, काळ्या लाकडाची बारीक खुंटी ठोकायची. म्हणजे वस्तू पास. ही खुंटी ठोकायचा हक्क एकट्या मिस्त्रींचा होता. सूनबाईने केलेल्या कितीतरी खुर्च्यांना त्यांनी खुंटी ठोकली होती, पण हातोडी कधी तिच्या हातात दिली नव्हती.

मग मिस्त्रींची पाठ गेली. ऑपरेशन झालं, पाठ वाचली, पाय वाचले नाहीत. चाकांची खुर्ची आली. ती खुर्ची घेऊन मिस्त्री एकदाच बाहेर पडले, बँकेत सही करायला. बँकेला पाच पायऱ्या. चार धडधाकट माणसांनी खुर्चीसकट त्यांना उचललं, "जरा डावीकडे घ्या, दार वाचवा, कोपरा सांभाळा," असं ओरडत आत नेलं आणि तसंच बाहेर आणलं. मिस्त्रींनी जन्मभर अशी कपाटं वाहिली होती. आपणच कपाट झालो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आता चौघांनी उचलायची वेळ एकदाच येईल. तोवर मी इथेच बरा."

त्या दिवसापासून चौदा महिने ते घराबाहेर पडले नाहीत. क्वार्टरच्या दाराला एकच पायरी होती. सूनबाईने तिच्यावर बारा फुटी फळी टाकून छान उतार केला, कडेला पट्ट्या मारल्या, खरखरीत कागद चिकटवला. मिस्त्रींनी उंबऱ्याच्या आतूनच ती पाहिली आणि निकाल दिला, "उतार चुकलाय."

"किती चुकलाय?"

"चुकलाय."

याच्यापुढे वाद घालून उपयोग नव्हता. मिस्त्री उंबऱ्याशी खुर्ची लावून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहायचे आणि कुणी "या की बाहेर" म्हणालं की आत वळायचे. सूनबाई ते पाहून शेडची वाट धरायची. भांडायला शेडमध्ये कुणी नव्हतं, आणि एकटीने भांडण होत नाही.

अशात बाकांची ऑर्डर आली. पार्किंगच्या पहिल्या मजल्याला दोन बाजू होत्या, अलीकडची आणि पलीकडची, मधे लांबच लांब भिंत. पलीकडच्या बाजूला कठड्यापलीकडे तळं आणि टेकड्या दिसायच्या. तिथे कठड्याला लागून बारा लांब, पाठीचे बाक हवे होते, सगळे बाहेर तळ्याकडे तोंड केलेले. आर्किटेक्ट एक तरुण, घाईघाईने बोलणारी बाई होती. तिने चित्र दाखवलं. चित्रातली माणसं बाकांवर ओळीने बसून टेकड्या बघत होती.

"फक्त एक भानगड आहे," आर्किटेक्ट म्हणाली. "पार्किंगची जमीन सपाट नाही. सगळी उतरती आहे. बाक सरळ बसले पाहिजेत, म्हणजे पाय कमी-जास्त करावे लागतील."

सूनबाई घरी आली ती उड्या मारतच. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. उतारावर सरळ बाक! त्यांचे डोळे क्षणभर चमकले, मग त्यांनी ते मिटून घेतले.

"जमणार नाही तुला."

"पैज लावता?"

"कसली?"

"बारा बाक. बाराच्या बारा वाटीला उतरले, तर तुम्ही खुर्चीत बसून तिथे यायचं. माझ्याबरोबर. जिना चढायला नको, गाड्या चढतात तिथून खुर्ची चढेल. कुणी उचलणार नाही."

मिस्त्रींनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आणि एक थेंब जरी सांडला, तर परत मला बाहेर चल म्हणायचं नाही. कधीच."

"कधीच नाही," ती म्हणाली.

मापं घ्यायला ती पार्किंगमध्ये गेली तर पलीकडच्या बाजूला गाड्या खेटून उभ्या. प्राध्यापकांनी शपथच घेतली होती, शेवटच्या दिवसापर्यंत जागा सोडायची नाही. एक्केचाळीस सर तर गाडीतच डबा खाताना दिसले. अलीकडची बाजू मात्र रिकामी झाली होती. म्हणून तिने तिथे पातळी बघायला पाण्याने भरलेली नळी ताणली आणि मापं लिहून घेतली. घड्याळाच्या मनोऱ्याकडचं टोक उंच, गेटाकडचं सखल, एका बाकाच्या लांबीला चार बोटांचा फरक. भिंतीच्या या बाजूला जसं, तसं त्या बाजूला. एकच मजला, एकच जमीन, वेगळं काय असणार?

आधी तिने नमुन्याचं एक स्टूल केलं. घरच्या फळीचा उतार आणि पार्किंगचा उतार जवळजवळ सारखाच निघाला, म्हणून ते फळीवर ठेवून पाहिलं. दोन पाय आखूड, दोन लांब, आणि वर बसकण अगदी सपाट. मिस्त्रींना ते स्टूल भारी आवडलं. त्यांनी त्याच्यावर आपला पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते फळीच्या मधोमध कायमचं मांडून टाकलं. आता फळीवरून कुणालाच जाता येईना. सूनबाई काय ते समजली.

दोन महिने शेडमध्ये भुसा उडत होता. संध्याकाळी ती घरी येऊन सांगायची, आज तिसरा झाला, आज सातवा. मिस्त्री खोदून खोदून विचारायचे, सांधे कसे बसले, पाठीला किती कलती दिलीस, मग म्हणायचे, "बघू वाटी काय म्हणते."

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी होतं. गुरुवारी दुपारी शेवटची गाडी गेली, ती अर्थातच एक्केचाळीस नंबरची, आणि आठ हमालांनी बारा बाक पलीकडच्या बाजूला नेऊन कठड्याशी मांडले. सूनबाई घरून मिस्त्रींची जुनी स्टीलची वाटी घेऊन आली होती. पण वाटी ठेवायच्या आधीच तिला दिसलं.

बाक सरळ नव्हते. बाक इतके तिरके होते, की वाऱ्याने घराचे वासे झुकावेत तसे बाराच्या बारा एकाच बाजूला झुकले होते. आर्किटेक्ट "वा, वा" करत पहिल्या बाकावर टेकली आणि बोलता बोलता घसरत घसरत दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. सूनबाईने तरीही वाटी ठेवली. माणूस वेडा असतो, डोळ्यांनी दिसत असलं तरी हाताने करून बघतो. वाटी क्षणभरही थांबली नाही. खणखणत खाली पडली, आणि गडगडत घड्याळाकडच्या टोकाला निघाली.

"अहो, ती तिकडे कशी जाते?" सूनबाई म्हणाली. "तिकडे तर चढ आहे!"

तिचा नवरा कॅम्पसची व्हॅन चालवायचा. डबा घ्यायला आला होता, तो वाटी पायाने अडवून म्हणाला, "तिकडे उतार आहे. चढ गेटाकडे."

"अलीकडच्या बाजूला तर उलटं आहे."

"मग? असणारच." त्याला प्रश्नच कळेना. "गाडी गेटाकडून आत आली की अलीकडच्या बाजूने चढत चढत घड्याळापर्यंत जाते. तिथे वळते. मग पलीकडच्या बाजूने चढत चढत परत गेटाकडे. जाताना चढ, येताना पण चढ. म्हणजे उतार उलटाच झाला ना? अलीकडे हँडब्रेक विसरला तर गाडी गेटाकडे पळते, पलीकडे विसरला तर घड्याळाकडे. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मला नव्हतं माहीत."

"मला विचारायचं होतंस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अकरा वर्षं रोज त्या इमारतीत गाडी लावणारा माणूस तिच्या शेजारी जेवत होता, आणि ती, जिने जन्मात कधी गाडी चालवली नाही, जी नेहमी मधल्या जिन्याने चढून यायची, ती नळी घेऊन भिंतीच्या भलत्या बाजूला रांगत होती. चूक एवढी साधी होती, की तिला धड रडताही येईना.

"पाय कापले तर?" आर्किटेक्टने हळूच विचारलं.

"लांब पाय आठ बोटं कापावे लागतील. मग बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतील," सूनबाई म्हणाली. तिने वाटी उचलली, पुसली आणि पिशवीत टाकली. वाटेत तिला बाकांचं दुःख कमीच होतं. तिला राहून राहून एवढंच आठवत होतं, की आपण "कधीच नाही" म्हणालो होतो.

घरी मिस्त्री उंबऱ्याशी वाट बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं, नवऱ्याने वाटेत तसं सुचवलंही. पण तिने पिशवीतून वाटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. नळी, भिंत, घड्याळ, हँडब्रेक. मिस्त्री पैज जिंकले होते. त्यांचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

"हं," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "हं."

मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी तांब्याकडे हात नेला, तर तांब्या कलंडलेला आणि अर्धं पाणी फळीवर. सकाळी नवऱ्याने फळी झाडली होती आणि स्टूल जमेल तसं परत ठेवलं होतं.

"हे कुणी ठेवलं असं? उलटं ठेवलंय," मिस्त्री करवादले. "अगं, फिरव ते!"

सूनबाईने स्टूल उचललं, फिरवलं, ठेवलं. तांब्या ताठ उभा राहिला. ती मात्र वाकली ती वाकलीच. दोन्ही हात स्टुलावर, आणि तोंड उघडं.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा सुतार तो, त्याला कळायला किती वेळ लागणार?

"सूनबाई, मी काही बोललो नाही."

"बोललात."

"मी स्टुलाबद्दल बोललो."

"बाबा, तुम्ही 'फिरव' म्हणालात!"

"आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला मी," मिस्त्री म्हणाले.

"लागला का?" आतून नवऱ्याने काळजीने विचारलं.

"मला कुठे कळतंय लागलं तर!" मिस्त्री ओरडले, आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. आपल्या पायांवर ते चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसले. मग तिघंही हसत सुटली. शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं.

पण बाक फिरवणं आणि आर्किटेक्टला फिरवणं यात फरक होता. शुक्रवारी दुपारी बाक फिरवले, तसे ते गाईसारखे गुमान सरळ उभे राहिले. सगळं खरं, पण आता त्यांची पाठ तळ्याकडे आणि तोंड आत, चालायच्या वाटेकडे.

"अहो, पण देखावा!" आर्किटेक्ट चित्र उघडून जवळजवळ रडकुंडीला आली. "एवढं तळं, एवढ्या टेकड्या, आणि माणसांनी काय भिंत बघायची?"

 सूनबाई आपली बाकावर बसून राहिली, आर्किटेक्टही शेजारी बसली. तेवढ्यात एक्केचाळीस सर आले. जागा गेली तरी माणसाचे पाय सवयीने येतातच. गेटापासून पायी आल्यामुळे घामाघूम झाले होते. ते आपल्या जागेशी उभे राहिले, समोर दोन बायका बसलेल्या पाहिल्या, आणि समोर तोंडं दिसली की प्राध्यापक बोलणारच.

"उलटे लावलेत ना? शहाणपणा केलात," ते म्हणाले. "दहा वर्षं मी इथे गाडी उलटी लावली. चार वाजल्यापासून तळ्याकडून असं ऊन येतं की डोळे फुटतात. कुठलं तळं आणि कुठलं काय!"

आर्किटेक्टने मागे वळून पाहिलं, आणि खरोखरच डोळ्यांवर हात धरला. चित्रात ऊन काढायचं राहून गेलं होतं.

सर बसले. म्हणजे आधी टेकले, मग नीट बसले. त्यांनी गेटापासून इथपर्यंतच्या चालण्याबद्दल तक्रार केली, मग वाटेत दोन जुने विद्यार्थी भेटले ते सांगितलं, मग त्यातल्या एकाची गंमत सांगितली. वाटेने ग्रंथालयातल्या बाई चालल्या होत्या, त्यांना समोर ओळखीचा चेहरा दिसला तशा त्या थांबल्या. "सर, तुम्ही आणि पायी?" मग त्याही टेकल्या. अर्ध्या तासाने त्या बाकावर जागा उरली नव्हती, आणि दुसऱ्यावर चारजण होते. टेकड्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आर्किटेक्टने चित्राची गुंडाळी केली आणि काखेत मारली.

"राहू देत असेच," ती म्हणाली.

लोक गेल्यावर सूनबाईने वाटी काठोकाठ भरली. एकेका बाकावर ठेवली. बारा वेळा श्वास रोखला, बारा वेळा सोडला.

शनिवारी मिस्त्रींनी सबबींचा पेटाराच उघडला. शर्टाला इस्त्री नाही. इस्त्री झाली, तर केस वाढलेत. नवऱ्याने केस कापले, तर चाक कुरकुरतंय. सूनबाईने चाकाला तेल घातलं. शेवटी मिस्त्री खरं बोलले.

"सगळे बघतील गं."

"बघू देत. तुम्ही पण त्यांना बघा."

तिने फळीवरचं स्टूल बाजूला केलं. खुर्ची फळीवरून उतरली. उतार चुकला असल्याचं मिस्त्री काही बोलले नाहीत, डोळे मात्र घट्ट मिटून घेतले होते.

पार्किंगच्या तोंडाशी तिकिटाचं यंत्र अजून तसंच होतं. मिस्त्रींनी सहज बटण दाबलं, तर त्यातून खरंच तिकीट आलं. ते त्यांनी खिशात ठेवलं. नवऱ्याने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. खुर्ची अलीकडच्या बाजूने चढत गेली. जिथे इतकी वर्षं टायरांची करकर ऐकू यायची तिथे आता मुलांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणी उचललं नाही. कुणी "कोपरा सांभाळा" म्हणालं नाही. घड्याळापाशी पोचल्यावर मिस्त्रींनी हात वर केला.

"आता सोड. वळण मी घेतो."

त्यांनी दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि खुर्ची वळवली.

समोर पलीकडची बाजू होती, आणि बारा बाकांवर माणसं. बाक चित्रातल्यासारखे असते, तर मिस्त्रींना पन्नास पाठी दिसल्या असत्या. पण बाक फिरवलेले होते. पन्नास चेहरे एकदम त्यांच्याकडे वळले. मिस्त्रींचे हात चाकांवर गोठले. सूनबाईला वाटलं, आता हे मागे फिरणार.

"मिस्त्री!" एक्केचाळीस सर उभे राहून गरजले. "कुठे होतात तुम्ही? माझ्या केबिनचं दार दीड वर्ष लागत नाही! धोंडा लावून ठेवतो मी!"

"माझा ड्रॉवर!" ग्रंथालयातल्या बाई ओरडल्या. "अर्धा उघडतो, मग रुसतो!"

"वर्गाची खिडकी!"

"फळ्याची चौकट!"

चौदा महिन्यांच्या तक्रारी सगळ्या एकदम उठल्या. कुणी तब्येत विचारली नाही, कुणी 'अरेरे' म्हणालं नाही, तेवढा कुणाला वेळच नव्हता. मिस्त्रींची मान हळूहळू ताठ झाली.

"एकेक बोला!" त्यांनी दरडावलं. "सूनबाई, लिहून घे. आणि सर, दार लागत नाही म्हणजे तुम्ही ते लाथेने बंद करता. ठाऊक आहे मला."

मग त्यांनी वाटी मागितली. सूनबाई म्हणाली, "कालच बघितलंय मी, बाराच्या बारा." ते म्हणाले, "तू बघितलंस, मी नाही." एक्केचाळीस नंबरच्या जागेवरच्या बाकावर त्यांनी स्वतः वाटी ठेवली, आणि काठोकाठ भरल्यावरही थेंब थेंब ओतत राहिले. शेवटी पाणी काठाच्याही वर फुगून उभं राहिलं. सगळी माणसं गप्प झाली. थेंब सांडला नाही.

मिस्त्रींनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत काळ्या लाकडाच्या खुंट्या होत्या. घासून गुळगुळीत केलेल्या, एकसारख्या. सूनबाईने मोजल्या. बारा.

"या कधी केल्यात तुम्ही?"

मिस्त्री टेकड्यांकडे बघायला लागले. त्या बाजूने ऊन डोळ्यांत येत होतं, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त मिळालं.

"ऑर्डर आली ना, त्याच आठवड्यात," ते म्हणाले.

म्हणजे दोन महिने रोज संध्याकाळी "बघू वाटी काय म्हणते" म्हणणारा हा म्हातारा, दिवसा उंबऱ्याशी बसून आपल्याच हरण्याची तयारी करत होता.  सूनबाईने पिशवीतून हातोडी काढून त्यांच्यापुढे धरली.

"मला कुठे वाकता येतंय?" मिस्त्री म्हणाले आणि खुंटी तिच्या हातावर ठेवली. "तू ठोक. आणि तिरकी ठोकू नकोस, मी वरून बघतोय."

ती बाकाखाली शिरली. तिथे अंधार होता, आणि वरून पन्नास माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. तिला खुंटी धड दिसत नव्हती, कारण डोळे भरून आले होते. पण हात चुकला नाही. बारा बाकांना बारा खुंट्या ठोकून होईपर्यंत तिचे गुडघे काळे झाले आणि मिस्त्रींनी तीन कप चहा घेतला. घरी चला म्हटलं तर ते म्हणाले, "थांब गं, सर विद्यार्थ्याची गोष्ट सांगतायत."

दिवेलागणीला तिघं घरी आली. खुर्ची फळीवर चढवायला नवऱ्याने हात लावला, तो मिस्त्रींनी झटकला आणि चाकं स्वतः फिरवली. अर्ध्यावर ते थांबले, खाली वाकून फळीकडे पाहिलं, हाताने चाचपलं.

"सूनबाई."

"काय, बाबा?"

"उतार बरोबर आहे."

ती वाकून फळीच्या कडेची पट्टी उगाच दाबून बघायला लागली. 

"पहिल्या दिवसापासून बरोबर होता," मिस्त्री म्हणाले. "आणि ते स्टूल आता दुसरीकडे ठेव. उद्या सकाळी जायला वाटेत येईल."